इंग्लंडमधील विअर नदी कुठून कुठे वाहते आणि तिच्या काठी काय पाहावे?

विअर नदी ईशान्य इंग्लंडमधील पेनाइन्स डोंगररांगेतून येते. विअरहेड गावापाशी दोन ओढे एकत्र मिळाल्यावर तिला हे नाव लाभते आणि साधारण शंभर किलोमीटर वाहून ती संडरलंड येथे उत्तर समुद्राला मिळते. वरच्या खोऱ्यात पूर्वी शिशाच्या खाणी होत्या; किलहोप येथील प्रचंड पाणचक्र ही त्या काळाची खूण होय. पुढे स्टॅनहोप आणि बिशप ऑकलंड लागतात.

वेळ कमी असेल तर मात्र थेट डरॅम गाठावे, असे माझे मत आहे. येथे नदी एका उंच खडकाळ टेकडीला घोड्याच्या नालासारखा वळसा घालते, त्यामुळे तीन बाजूंनी आयताच खंदक मिळालेल्या या टेकडीवर नॉर्मन राजवटीत किल्ला उभा राहिला आणि १०९३ मध्ये कॅथेड्रलचे बांधकाम सुरू झाले. १९८६ पासून ही दोन्ही स्थळे जागतिक वारसा यादीत आहेत. प्रेबेंड्स पुलावर क्षणभर थांबावे: खाली बंधाऱ्यावरून फेसाळत उतरणारे पाणी, काठाला दगडी गिरणी आणि झाडांच्या शेंड्यांवर कॅथेड्रलचे मनोरे दिसतात. एल्व्हेट पुलाजवळ वल्ह्यांच्या होड्या भाड्याने मिळतात.

मुखाजवळ, मंकविअरमथ येथे, ६७४ मध्ये स्थापन झालेल्या मठाचे सेंट पीटर्स चर्च आहे. त्याच्या पश्चिमेकडील भिंतीत सातव्या शतकातील दगडकाम अद्याप टिकून आहे.