‘सृजन’ की ‘सर्जन’? आणि ‘शील’चं काय?

दारव्ह्याकडच्या एका गुरुजींनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. शाळेच्या भित्तिपत्रकाला त्यांनी ‘सृजन’ नाव दिलं, तर एका पाहुण्यांनी ते अशुद्ध ठरवून ‘सर्जन’ करायला सांगितलं. आता गावातली माणसं विचारतात, “डाक्टर कवा येनार हाय?” दुसरं असं, की एका शिबिराच्या पत्रकावर ‘सर्जनशीलता वाढवा’ असं छापलंय. सर्जनशीलता मुळातच असते किंवा नसते, ती वाढवणार कशी? हा शब्दप्रयोगच चूक नाही का?

पहिल्याचं उत्तर लवकर आटोपतं. संस्कृतात ‘सृज्’ला ‘अन’ लागलं की ‘सर्जन’ होतं. गणपतीचं आपण विसर्जन करतो, विसृजन नाही. ‘सृजन’ हे हिंदीत रुळलेलं रूप, आणि आपल्या भागात हिंदी सतत कानावर असतेच. म्हणजे व्याकरणात पाहुणे बरोबर, गावकरी कानाने बरोबर. मी असतो तर दोन्ही ठेवलं नसतं. काय ठेवलं असतं ते शेवटी सांगतो.

दुसऱ्या प्रश्नात खरी गंमत आहे. ‘सर्जनशील’ म्हणताना आपण सगळा जोर ‘सर्जन’वर देतो आणि ‘शील’ला शेपूट समजतो. पण अर्थ त्या शेपटातच आहे. एकदा गप्प बसलं म्हणून कुणी सहनशील होत नाही. करता करता जे अंगात मुरतं ते शील. संस्कृतात ‘शीलयति’ म्हणजे पुन्हापुन्हा करतो, घोटतो. आपलं ‘परिशीलन’ त्यातलंच. दहाव्या शतकाच्या आसपासच्या राजशेखर या संस्कृत कवीने आपल्या काव्यमीमांसेत मंगल नावाच्या आचार्याचं मत दिलंय: ‘अविच्छेदेन शीलनमभ्यासः’. खंड न पाडता केलेलं शीलन म्हणजे अभ्यास. (वाशीमकरांसाठी जाता जाता: याच ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लागतं, आणि वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. वऱ्हाडी कोण होते ते विचारू नका.)

राजशेखर स्वतः मात्र काव्याचं कारण शक्ती हेच मानतो. अभ्यासाने ती उजळते, एवढंच त्याचं म्हणणं. जन्माने मिळालेल्या देणगीला आपल्याकडे ‘प्रतिभा’ हा वेगळा शब्दही आहे. पत्रकावर ‘प्रतिभा वाढवा’ असतं तर मी गुरुजींच्या बाजूने भांडलो असतो. ‘सर्जनशीलता वाढवा’ यात मला काही चूक दिसत नाही. सवयच ती, वाढेल.

गोंधळ होतो तो ‘सुचणे’ या क्रियापदामुळे, असा माझा संशय आहे. ‘मला सुचलं’ या वाक्यात मी काहीच करत नाही. कुठून तरी येतं आणि मी नुसता घेणारा. ‘मी जुळवलं’ म्हटलं की कर्ता मी, घाम माझा. पण ओळी ‘जुळवणाऱ्या’ माणसाला आपण नाक मुरडतो आणि ‘सुचणाऱ्या’ला नमस्कार करतो.

माझे मोठे बाबा पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हणायचे, म्हणजे यमक जुळवलेल्या ओळी. बैल उभे, ढोल थांबलेला, आणि यांचा आवाज. मी लहानपणी एकदा विचारलं, “मोठे बाबा, तुमाले हे सुचते कसं?”

“सुचत नसते लेका, जुयवा लागते.”

त्यांची सुरुवात म्हणे नुसतं शेवटचं ‘हर हर महादेव’ ओरडण्यापासून झाली. मग जुन्या झडत्या पाठ झाल्या. मग एका वर्षी जुन्या झडतीतला एकच शब्द बदलून पाहिला, लोक हसले. पुरती स्वतःची झडती जुळायला आणखी पाच-सहा पोळे गेले. डवरणीच्या, म्हणजे पिकातलं तण काढायच्या, वेळी बैलांमागे चालताना त्यांची पुटपुट चाले: तासाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओळ, वळून येताना तिचं यमक. नाही बसलं तर बैलालाच शिवी. एका साली ‘भरून’ला ‘सरून’ मिळालं आणि तिसरं यमक कितीक दिवस अडून राहिलं. एका रात्री वावरात रोही, म्हणजे नीलगायी, शिरले, सकाळी मोठे बाबा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून आधी मटकन बसले आणि मग हसायला लागले. त्या पोळ्याची झडती:

आभाय आलं भरून, पाणी गेलं सरून,
उसनं आणून पेरलं, रोह्यानं नेलं चरून,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला, हर हर महादेव!

“यंदा जमली,” ते म्हणाले. हे ‘जमणे’ मूळ अरबी ‘जमा’वरून आलेलं. माणसं जमतात, पैसा जमतो आणि पोहणंही जमतं. थेंबथेंब साचणं आणि येऊ लागणं यांना मराठीने एकच क्रियापद वापरलं, हे मला कुठल्याही शिबिरापेक्षा जास्त आवडतं.

तर गुरुजी, भित्तिपत्रकाचं नाव ‘झडती’ ठेवा. बाहेरून बदलून आलेल्या साहेबांना पोलीस आठवतील, तेवढं त्यांना समजावून सांगा. गावात कुणी डॉक्टरचं विचारणार नाही.