ध्यानाला बसायला वेळ नाही, मग माझी चिडचिड थांबणार कशी?

दिवसभर मुलांवर ओरडायचे, रात्री ती झोपली की त्यांच्याकडे बघत रडायचे आणि सकाळी पुन्हा तेच, ही तक्रार घेऊन अनेक आया माझ्याकडे येतात. रोज वीस मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यावे, असे त्यांतल्या बहुतेकींनी कुठेतरी वाचलेले किंवा कोणाकडून तरी ऐकलेले असते. तेही जमत नाही म्हटल्यावर अपराधीपणात आणखी भर पडते आणि ‘आई म्हणून माझ्यातच काही कमी आहे का?’ या प्रश्नापर्यंत त्या येऊन पोहोचतात. माझे उत्तर मी एका अनुभवाच्या आधारे मांडते. संबंधित ताईंची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांना आपण वैशालीताई म्हणू. सांगलीजवळ राहणाऱ्या वैशालीताई एका पतसंस्थेत रोखपाल आहेत. पती एमआयडीसीतल्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतात. घरी सात वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी आणि सासूबाई. पहिल्या भेटीत त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “फडताळातला पोह्यांचा डबा काढायला मी हात वर केला, तर शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मुलानं झटकन कोपर तोंडासमोर धरलं. मी मारणार नव्हते हो, मॅडम. पण त्याला तसं वाटलं.” त्याआधी त्यांनी त्याला काही वेळा चापट मारली होती आणि ती गोष्ट त्यांनी लपवली नाही.

मोबाइलवर ध्यानाचे अ‍ॅप घेऊनही पाहिले होते. डोळे मिटले की एक तर मुलीची हाक यायची, नाहीतर बसल्या बसल्या झोप लागायची. या झोपेपाशी मी थांबले. शांत बसताच डोळा लागत असेल, तर ते शरीर थकल्याचे लक्षण असू शकते. विचारल्यावर कळले की सकाळी त्या नुसत्या चहावर घराबाहेर पडतात, पाळीत रक्तस्राव फार होतो आणि कार्यालयाचा जिना चढताना धाप लागते. ध्यान बाजूला ठेवून मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले. थायरॉइडचा अहवाल ठीक आला. हिमोग्लोबिन मात्र ८.६ भरले. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीसाठी १२ च्या खाली रक्तक्षय धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. लोहाच्या कमतरतेने थकवा येतो, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. आणि घरोघरी या साऱ्याला ‘तिचा स्वभावच तापट’ असे म्हटले जाते, याचे मला फार वाईट वाटते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, गोळी आणि जेवण यांच्या आसपास चहा घेऊ नका म्हणून बजावले आणि रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले.

औषध सुरू झाल्यावर आम्ही सजगतेच्या, म्हणजे चालू क्षणाकडे पूर्ण लक्ष देण्याच्या, सरावाकडे वळलो. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा जो कार्यक्रम सुरू केला, त्यात रोज पाऊण तासाचा सराव असे. तीन वर्षांच्या मुलीच्या आईकडे मी तो मागत नाही. परंतु त्याच कार्यक्रमात खाणे, चालणे, भांडी घासणे अशा रोजच्या कृतीही पूर्ण लक्ष देऊन करायच्या असतात, आणि तो भाग तिच्या दिवसात सहज बसतो. वैशालीताईंनी सकाळची कणीक मळण्याची वेळ निवडली. पिठाचा ओलेपणा, तळहातावरचा दाब, स्वतःचे खांदे आणि जबडा यांकडे लक्ष द्यायचे. मन भरकटले की स्वतःला दोष न देता पुन्हा हातांकडे यायचे, इतकेच ठरवले होते.

पुढच्या भेटीत त्यांनी जे सांगितले, ते मला फार मोलाचे वाटते. कणीक मळतानाच त्यांचे दात आवळलेले असत आणि खांदे वर चढलेले असत. मुले तेव्हा उठलेलीही नसत! म्हणजे मोजा सापडत नाही म्हणून मुलावर जो राग निघत होता, तो मोजा हरवण्याच्या तासभर आधीपासून अंगात होता. हे दिसल्यावर त्यांना राग आणि ओरडणे यांच्या मधली जागा सापडली. जबडा आवळला जातोय असे जाणवले, की तळपाय फरशीवर नीट टेकायचे, श्वास सावकाश बाहेर सोडायचा आणि मगच बोलायचे. लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून हा उपाय घाईतही उपयोगी पडतो.

जोडीला, ज्या दिवशी आवाज चढेल त्या तारखेवर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची होती. महिनाअखेरीस पाहिले, तर बहुतेक खुणा पतीच्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात होत्या. त्या आठवड्यात ते रात्री साडेअकराला घरी येत, वैशालीताई उठून त्यांना गरम पोळ्या करून वाढत आणि पहाटे पाचला पुन्हा उठत.

इथे मी माझे मत स्पष्ट सांगते. कामाचा भार तसाच ठेवून आईला सजगता शिकवणे म्हणजे तिला निमूटपणे सोसायला शिकवणे आहे. २०२४ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८, असे दिसले. म्हणून मी पती आणि सासूबाई दोघांनाही बोलावले. सासूबाई म्हणाल्या, “आम्ही चुलीवर सगळं केलं, आम्हाला कोणी विचारलं नाही.” मी विचारले, “काकू, तेव्हा कोणी विचारलं असतं, तर काय सांगितलं असतं?” त्या जरा वेळाने म्हणाल्या, “दुपारी घटकाभर पाठ टेकू द्या म्हटलं असतं.” त्यानंतरचे बोलणे सोपे झाले. नातीची वेणीफणी आणि नाश्ता त्यांनी स्वतःहून घेतला. रात्री झाकून ठेवलेले जेवण पती स्वतः गरम करून घेऊ लागले.

मुलाशी बोलणे राहिले होते. मोठ्या माणसाने मुलाची माफी मागितली तर धाक राहत नाही, ही भीती पालकांमध्ये सर्रास असते. माझा अनुभव तसा नाही. माफी मागताना ‘पण तूही त्रास देतोस’ हे शेपूट मात्र जोडू नये. वैशालीताई त्याला म्हणाल्या, “मी तुला मारलं, ते माझं चुकलं. तुझ्यामुळे झालं नाही ते. मी आता मारणार नाही.” तो काहीच बोलला नाही, गृहपाठाची वही घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसला.

प्रत्येकीला एवढ्याने बरे वाटेल असे नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, कशातच गोडी वाटेनाशी झाली किंवा स्वतःला अथवा मुलाला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर घरगुती सरावावर विसंबून न राहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे; असे विचार येत असतील, तर त्याच दिवशी. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात हे विशेष लक्षात ठेवावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. डोळे मिटल्यावर जुने आघात उसळून येत असतील, तर सराव थांबवून ते समुपदेशकाला सांगावे.

वैशालीताईंचा आवाज अजूनही कधीकधी चढतो. मुलगा एखादे वेळी दचकतो, मग त्या खाली बसून त्याच्याशी बोलतात. हिमोग्लोबिन आता १२ च्या वर आले असले, तरी शरीरातला लोहाचा साठा भरून येण्यासाठी डॉक्टरांनी आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगितले आहे, आणि पुढच्या तपासणीची तारीख पतीने स्वतः कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.