कॅटेकिझम, दोतोर्न आणि घोकणे

वसईच्या एका ताईंनी विचारलं आहे : मुलगी नववीत आहे. रविवारी मिस्सा झाली की चर्चमध्ये मोठ्या मुलांचा वर्ग भरतो. मुलगी त्याला 'कॅटेकिझम' म्हणते, गोव्याकडच्या सासूबाई 'दोतोर्न' म्हणतात आणि यंदा फलकावर 'श्रद्धानिर्मिती वर्ग' असं झळकलंय. बरोबर काय?

फलक आधी उतरवू. निर्मिती साखरेची होते, विजेची होते, मालिकांची तर रोजच होते. इंग्रजीत 'फॉर्मेशन' दिसलं की कोशातला पहिला शब्द उचलून चिकटवायचा, ही खोड सध्या सगळीकडे बोकाळली आहे. मडकं घडतं, दागिना घडतो, पोरगं घडतं. 'घडण' हा शब्द कुंभार-सोनारांनी शतकानुशतकं वापरून गुळगुळीत केलेला असताना तो परिभाषाकारांना गावंढळ का वाटतो, देव जाणे.

'दोतोर्न' म्हणजे पोर्तुगीज 'दौत्रिना', मूळ लॅटिन. धातूचा अर्थ शिकवणे. 'डॉक्टर' त्याच घरातला. तो आधी शिकवणारा होता, नाडी पुढे हातात आली. म्हणजे कोकणीतले 'दोतोर' आणि 'दोतोर्न' सख्खी भावंडं. इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांची कोकणी 'दौत्रिना' त्यांच्या मृत्यूनंतर 1622 साली गोव्यातल्या राशोलला छापली गेली. त्याआधी 1616 मध्ये त्यांचं मराठी क्रिस्तपुराण तिथेच निघालं होतं. जुनी पुराणं बंद झालेल्या नवख्रिस्ती लोकांना नुसत्या दोतोर्नीने करमेना, ओव्या हव्या होत्या. असो.

आता 'कॅटेकिझम'. याला 'प्रश्नोत्तरी' असा प्रतिशब्द देणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. कॅटेकिझम हे वर्गासारखंच धर्मशिकवणीच्या ग्रंथाचंही नाव आहे. ट्रेंटच्या धर्मसभेनंतरचा 1566 चा रोमन कॅटेकिझम उघडा, नाहीतर 1992 चा आजचा अधिकृत ग्रंथ उघडा. दोन्ही सलग गद्यात आहेत, प्रश्नोत्तरं नाहीत. तरुणांसाठी 2011 साली काढलेल्या 'यूकॅट'मध्ये 527 प्रश्न आहेत, कबूल. पण तो मांडणीचा प्रकार झाला, शब्दाचा अर्थ नव्हे. धोतराला दोन काठ असतात म्हणून धोतराचा अर्थ 'दुकाठी' होत नाही.

शब्द ग्रीक आहे. 'काता' म्हणजे खाली, आणि पुढे आहे तो नाद : माथेरानच्या एको पॉइंटवर आपण ज्याला हाका मारतो तोच 'एको'! वरून आवाज सोडायचा, खाली कानात घुमवायचा. लूकच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायाच्या चौथ्या ओवीत थियफिलाला 'तुला जे शिकवलं गेलं' असं म्हटलंय, तिथे हेच क्रियापद आहे.

आणि मराठीत याला जुळा शब्द आहे : घोकणे. हसू नका. घोष म्हणजे मोठा आवाज. 'ष'चा 'ख' होणं आपल्याला नवं नाही; विषाचं 'विख' झालं, त्यातूनच 'विखारी'. माझे आजोबा यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे, तिथे 'ष'चा उच्चार 'ख' करतात; पुरुषसूक्त म्हणताना 'सहस्रशीर्खा पुरुखः' असंच म्हणायचे, आणि आम्हा पोरांना वाटायचं की त्यांची कवळी सैल झाली आहे. तसंच घोषाचं 'घोख'. 'घोखणे' अजूनही कानावर येतं. मग शेवटचा महाप्राण, म्हणजे 'ख'मधला 'ह', गळाला, जसा भिक्षेच्या 'भीक'मध्ये आणि 'भूक'मध्ये गळाला. एक कोशवाले गृहस्थ मला दर वेळी बजावतात की घोकणे हा नुसता नादानुकारी शब्द आहे. 'घोक घोक' असा नाद त्यांनी कुठे ऐकला, हे ते सांगत नाहीत.

लहानपणी आमच्या खिडकीत रविवारी दोन आवाज यायचे. माजघरातून आजोबांचं 'पुरुखः', आणि पलीकडच्या चर्चच्या ओसरीवरून बाई एक ओळ सांगताहेत, चाळीस पोरं ती परत फेकताहेत, शेवटच्या बाकावरची अर्धा शब्द मागे. तो मागे राहिलेला अर्धा शब्द म्हणजे अस्सल कॅटेकिझम! 'घोकंपट्टी' ही शिवी परीक्षांनी केली, शब्दाचा त्यात काही दोष नाही.

याच वयाच्या मुलांना पुढे 'कन्फर्मेशन' हा चर्चचा संस्कार मिळतो. त्याला 'दृढीकरण' हा उत्तम शब्द चर्चमध्ये रुळलेला आहे, मुळातही 'फिर्मुस' म्हणजे दृढच. तरी 'आमची कन्फर्म झाली' असं ऐकलं की मला पोरगी वेटिंग लिस्टवर होती असं वाटतं.

हां, फलक राहिला. 'धर्मशिक्षण वर्ग' लिहा. फारच हौस असेल तर 'श्रद्धेची जडणघडण'. मुलगी कॅटेकिझम म्हणते ते चालू द्या. सासूबाईंना मात्र दुरुस्त करायला जाऊ नका; तिन्ही नावांत आपल्याकडे जुनं त्यांचंच आहे.