पहिलीच्या वर्गात दिवसभर नेमकं काय शिकवतात? सगळा वेळ सणावारातच जातो का?

तुमचा प्रश्न वाचला. मुलगी यंदा पहिलीत गेली, मराठी शाळा, रोज घरी आल्यावर काय शिकलीस विचारलं की सांगते राखी केली, दिंडी काढली, परवा मातीचे बैल केले, आणि वही उघडली तर जेमतेम चार पानं भरलेली, मग ही लोकं शिकवतात कधी, असं तुम्ही विचारलंय. मी बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत ११ वर्षं पहिली-दुसरीला शिकवतेय, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी पालक दारात उभं राहून विचारतातच. थोडं सविस्तर सांगते.

आधी रोजचं सांगते, कारण मुलं घरी सणाचंच सांगतात, रोजचं सांगत नाहीत, ते त्यांना शिकणं वाटतच नाही. परिपाठ झाला की वर्गात पहिलं काम हजेरीचं. मी रजिस्टर घेऊन नावं पुकारत बसत नाही. प्रत्येकाच्या नावाची पुठ्ठ्याची पट्टी केलीये, सगळ्या पट्ट्या सतरंजीवर पसरलेल्या असतात, ज्यानं त्यानं येऊन आपलं नाव शोधायचं आणि भिंतीवरच्या कप्प्यात खोचायचं. जूनमध्ये पट्टीवर चित्रही असतं, कुणाचं आंबा कुणाचं कोंबडी, जुलैत चित्र काढून टाकते, ऑगस्टमध्ये मुलं शेजारच्याचंही नाव ओळखायला लागतात, कारण तो आज आला नाही हे सांगायची घाई असते ना. आमच्या वर्गात स ने सुरू होणारी चार नावं आहेत, तर स हे अक्षर मला शिकवावंच लागलं नाही, ते चौघांच्या भांडणातूनच शिकून झालं. आम्ही अ आ इ ई पासून ओळीनं सुरू करतच नाही, मुलांच्या तोंडात रोज असणाऱ्या शब्दांतली चार-पाच अक्षरं आधी घेतो, त्यांचे शब्द करतो, मग पुढची. त्यामुळे तुमच्या मुलीला अजून क्ष ज्ञ येत नसतील पण 'मका' 'कमळ' वाचता येत असेल तर ती मागे नाहीये, उलट बरोबर रस्त्यावर आहे.

मग मोजणी. हजेरी लागली की आज किती आले हे एक मूल मोजतं आणि खिचडी करणाऱ्या मावशींना जाऊन सांगतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आकडा चुकला तर खरोखर भात कमी पडतो. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, म्हणजे दहा मुलांचा एक किलो. आमची २३ मुलं. म्हणजे दोन किलो आणि वर तिघांचे तीनशे ग्रॅम. मग वर्गात येऊन तेच काड्यांनी, दहा-दहाचे दोन गठ्ठे आणि सुट्या तीन. दशक एकक हा शब्द मी नंतर कधीतरी सांगते, आधी गठ्ठा आणि सुट्टे, तो त्यांना बरोब्बर कळतो कारण घरी सरपणाचे भारे बघितलेले असतात.

मराठी आकड्यांची एक अडचण आहे जी इंग्रजी माध्यमातल्या पालकांना माहीतच नसते. तेवीस लिहिताना आधी दोन लिहायचा, बोलताना मात्र आधी 'ते' म्हणजे तीन. आणि एकोणतीस तर अजूनच, बोलताना तीस ऐकू येतं, लिहायचं २९. मुलं २३ च्या जागी ३२ लिहितात ती काही बेफिकिरी नसते, ती ऐकलं तसंच लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सत्तावीसबरोबर 'वीस सात' असंही वाचन दिलं होतं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, टीव्हीवर, विधानसभेत, सगळीकडे. मला वर्गात काड्या हातात असताना ते उपयोगीच पडतं, दोन गठ्ठे आणि सात म्हणजे वीस आणि सात, त्यालाच आपण सत्तावीस म्हणतो. दोन्ही सांगते, आठ-पंधरा दिवसांत मुलं आपोआप सत्तावीसवर येतात. तुम्ही घरी ओरडू नका एवढंच.

आता सणांचं. मीही पहिली तीन-चार वर्षं सण चुकीचेच केले. राख्या मीच कापून आणायची, मुलांनी फक्त टिकली चिकटवायची, २० राख्या अगदी एकसारख्या, फोटो छान यायचे. मुलांच्या हाताला त्यातून काही मिळालं नाही. काही ठिकाणी अजूनही असंच चालतं, थर्माकोल बाजारातून, फॅन्सी ड्रेस भाड्याचा, आईनं रात्री जागून केलेलं प्रोजेक्ट आणि मूल बाजूला उभं. तुमच्या शाळेत हे होत असेल तर तुमची तक्रार रास्त आहे, जाऊन बोला. माझ्या वर्गात आता एकच नियम आहे, जे मुलाला स्वतःच्या हातानं जमणार नाही ते करायचंच नाही, मग ते कितीही वेडंवाकडं दिसू दे.

पण पोळ्याच्या बैलांबद्दल मी तुमच्याशी भांडेन. आमच्याकडे पोळा श्रावणी अमावस्येला असतो (कोल्हापूर-सांगलीकडे बेंदूर आषाढातच होऊन जातो, नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तिथे तर लहान मुलांचे लाकडी बैलच असतात). आदल्या आठवड्यात मुलं नदीकाठची माती आणतात, खडे काढतात, पाणी घालून मळतात. सहा वर्षांच्या पोराच्या बोटांत पेन्सिल धरायला लागते तेवढी ताकद आलेलीच नसते, म्हणून ती मुठीत धरतात आणि दोन ओळी लिहिल्या की हात दुखतो म्हणतात. माती मळून, चार पाय वळून, चिमटीत धरून शिंगं ओढून काढली की ती ताकद येते. दहा पानं अ अ अ गिरवून ती येत नाही, फक्त लिहिण्याचा कंटाळा येतो.

आणि खरी मजा त्यानंतर. बैल झाले की मी फळ्यावर मोठा बैल काढते आणि विचारते, सांगा रे याला काय काय घालायचं. झूल, कासरा, घुंगरू, गोंडे, बेगड, शिंगांना हिंगूळ, शिंगाच्या टोकाला शेंब्या. अर्धे शब्द मला त्यांच्याकडूनच कळलेत, मी तालुक्याच्या गावात वाढलेली. ते सांगतात आणि मी लिहिते, त्यांच्यासमोर, सावकाश, अक्षर उच्चारत. मग तोच फळा वाचायचा. पुस्तकातला न बघितलेल्या गोष्टीचा धडा वाचताना अडखळणारं पोरगं 'झूल' एका झटक्यात वाचतं कारण तो शब्द त्यानंच दिलेला असतो. एका वर्षी मी 'वेसण' लिहिलं तर एकजण म्हणाला, म्याडम, वेसण न्हाई, येसण. मी दोन्ही लिहिलं, एकाखाली एक, आणि कोणतं अक्षर बदललं ते शोधायला लावलं. तेवढ्यात व आणि य चा धडा झाला की.

त्याच वर्षी तांड्यावरून, म्हणजे बंजारा वस्तीवरून येणारा एक मुलगा होता, घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारा, जूनपासून वर्गात एक शब्द बोलला नव्हता, मला काळजी लागून राहिली होती. बैल करताना त्यानं शेजारच्याचा बैल उचलला, पाय नीट करून दिले, आणि त्याच्या बोलीतलं बैलाचं नाव सांगितलं. मी ते फळ्यावर लिहिलं. सगळ्या वर्गानं ते वाचलं. दुसऱ्या दिवसापासून तो बोलायला लागला, आधी गोरमाटीत, मग मिसळून, दिवाळीपर्यंत तर गप्प कर म्हणायची वेळ आली. हे मी कुठल्या तक्त्यात भरू, तक्त्यात तर 'पोळा साजरा, उपस्थिती २३' एवढंच जातं.

बाकीचे सण पटकन सांगते. आषाढीच्या दिंडीत जोड्या, पुढे-मागे, पहिला-शेवटचा. नवरात्रात भोंडला, त्यात खिरापत ओळखायची असते ती मी अक्षरावरून ओळखायला लावते, डब्यात काय आहे तर 'च' ने सुरू होतं, मग चिवडा, चकली, चुरमुरे, चणे असा पाऊस पडतो. दसऱ्याला पाटीपूजन, त्यात एक एक असे आकडे जोडून सरस्वती काढायची आपली जुनी पद्धत आहे, आजीला विचारा, तिला येत असेल. ईदच्या दुसऱ्या दिवशी ज्यांच्या घरी शीरखुर्मा झाला ती मुलं सांगतात त्यात काय काय घातलं, आणि तीही यादी फळ्यावर लिहून वाचतो. संक्रांतीला तिळगुळाचे लाडू वाटताना प्रत्येकाला दोन-दोन, किती लागतील, इथे दोनचा पाढा न सांगता येतो.

माझ्यासाठी सणांचं अजून एक कारण आहे, आणि ते तुमच्याकडे नसेलही. आमच्या गावातली बरीच घरं ऊसतोडीची. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, सांगली, कोल्हापूर, काही कर्नाटकात बेळगावकडे, आणि ज्या पोरांना सांभाळायला घरी आजी नाही ती बरोबर जातात. कुणी हंगामी वसतिगृहात राहतं, सगळे नाही राहत, सहा वर्षांचं लेकरू आईला सोडत नाही आणि आईलाही सोडवत नाही. माझे २३ चे दिवाळीनंतर १४ होतात. जाताना शिक्षण हमी पत्रक देतो, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं, पण उसाच्या फडातून शाळा कितीतरी लांब असते. म्हणजे त्या नऊ मुलांसाठी माझं वर्ष जूनच्या मध्याला सुरू होतं आणि दिवाळीला संपतं, आणि आषाढी, नागपंचमी, राखी, पोळा, गणपती, दसरा सगळे नेमके याच काळात. मी सण आणि अभ्यास वेगळे करत बसले तर दोन्ही हातचे जातील. म्हणून त्यांचं वाचन मी सणातूनच उभं करते आणि जाताना प्रत्येकाच्या हातात एक छोटी वही देते, त्यात त्यानं सांगितलेलीच वाक्यं, 'माझ्या बैलाला लाल झूल आहे' अशी. तिथल्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, दुसरं वाचायला काही नसतं, तीच वही वाचतात. उन्हाळ्यात परत येतात तेव्हा वहीचं कव्हर राहिलेलं नसतं पण वाक्यं पाठ असतात, आणि पाठ असली तरी बोट ठेवून वाच म्हटलं की बोट बरोबर शब्दावर असतं. तेवढं मला पुरतं, तिथून पुढे नेता येतं.

तुमची मुलगी कुठे असायला हवी ते सांगते, म्हणजे तुमची घालमेल कमी होईल. जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत पहिलीच्या अखेरचं ध्येय आहे चार-पाच सोप्या शब्दांचं न वाचलेलं वाक्य वाचता येणं, ९९ पर्यंतचे अंक वाचता-लिहिता येणं आणि सोपी बेरीज-वजाबाकी. एप्रिलपर्यंत, ऑगस्टमध्ये नाही. आत्ता तिला स्वतःचं नाव, घरातल्यांची दोन-तीन नावं ओळखता येत असतील, २० पर्यंत वस्तू मोजून देता येत असतील (नुसती म्हणता नाही, मोजून), आणि ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगता येत असेल तर निवांत राहा. हे जमत नसेल तर बाईंना भेटा, पण वहीची पानं मोजायला जाऊ नका, तिचं नाव घेऊन विचारा की ती काय वाचते.

घरी 'आज काय शिकलीस' विचारणं सोडून द्या, मोठ्या माणसालाही त्याचं उत्तर देता येत नाही. आज हजेरी कुणी मोजली, कोण आलं नव्हतं, बाईंनी फळ्यावर कोणता शब्द लिहिला, खिचडीत आज काय होतं, असं विचारा, मग बघा किती बोलते. दिवाळीच्या सुट्टीत लिहायला पानं देऊ नका, पणत्या मोजू द्या, फराळाच्या डब्यांना नावाच्या चिठ्ठ्या तिलाच लिहू द्या, 'चकलि' असं चुकलं तरी राहू द्या, एसटीची पाटी वाचायला लावा.

आणि तो मातीचा बैल वाळून कोपऱ्यात पडला असेल, फेकू नका. दिवाळीत किल्ला कराल तेव्हा पायथ्याशी शेत लागतं, हळीव पेरून हिरवं होतं ते, तिथे ठेवायला तिला तोच लागेल, आणि शेजारी काडीला चिकटवलेली त्याच्या नावाची पाटी तिनं स्वतः लिहिलेली असू दे.