विषाणूला कोणती साखर लागते?

प्रश्न : कोरोना विषाणू पेशीवरच्या साखरेला चिकटतो म्हणतात. मग गोड कमी खाल्लं तर संसर्ग टळेल का? (वाचक, सांगली)

उत्तर : नाही. पेशीच्या बाहेरच्या पृष्ठावर प्रथिनांना आणि मेदांना जोडलेल्या शर्करांच्या साखळ्या असतात, ही साखर ती. त्यातल्या अनेकींच्या टोकाला सायलिक आम्ल ही आम्लधर्मी शर्करा असते आणि ते आम्ल पेशी स्वतः घडवते. चहात साखर घालणं सोडल्याने ते नाहीसं होत नाही. मधुमेहींनी रक्तातली साखर आटोक्यात ठेवायलाच हवी, पण त्याचं कारण वेगळं : ती वाढलेली असेल तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो.

शिवाय प्रत्येक कोरोना विषाणूची आवड निराळी. सर्दीचा ओसी-४३ नवव्या कार्बनवर अॅसिटिल गट असलेलं सायलिक आम्लच धरतो. तो गट काढला की पकड गेली. मर्सचा विषाणू सायलिक आम्लाला धरतो, पण पेशीत शिरण्यासाठी त्याला डीपीपी-४ हे प्रथिन लागतं. कोविडच्या विषाणूचं दार म्हणजे पेशीवरचं एसीई-२ हे प्रथिन, आणि त्याआधी हेपरान सल्फेट या ऋणभारित साखळीचा त्याला आधार मिळतो. विषाणूच्या पृष्ठावरच्या एका काट्याची (स्पाइक प्रथिनाची) साखरेवरची पकड फार ढिली असते. अनेक काटे एकाच वेळी टेकतात तेव्हा कुठे विषाणू टिकून राहतो.

प्रश्न : वासरांच्या हगवणीतल्या बोवाइन कोरोना विषाणूची हीमॅग्लुटिनेशन चाचणी (विषाणू रक्तपेशींना एकमेकींशी जोडतो का, हे पाहणारी) रॅटच्या रक्तपेशींवर केली. आधी चादर दिसली (जोडलेल्या पेशी जाळीसारख्या पसरलेल्या), तासाभराने बटण (सुट्या पेशी तळाशी ठिपक्यासारख्या जमलेल्या). नमुना वाया गेला का? (पदव्युत्तर विद्यार्थी, परभणी)

उत्तर : बहुधा प्लेट बाहेर उबेत राहिली. ओसी-४३चा हा जवळचा नातलग त्याच अॅसिटिलयुक्त आम्लाला धरतो, आणि त्याच्याकडे ते सोडवणारं हत्यारही आहे : हीमॅग्लुटिनिन-एस्टरेज. ३७ अंशांना हे विकर (एन्झाइम) अॅसिटिल गट तोडतं, पेशींची जाळी मोडते, पेशी घरंगळून तळाशी जमतात. ४ अंशांना ते फार मंदावतं.

व्ही-आकाराच्या तळाची प्लेट घ्या. ५० मायक्रोलीटर थंड पीबीएसमध्ये (मिठाच्या बफर द्रावणात) दुपटीने विरलन करा, मग तितक्याच ०.५ टक्के रक्तपेशी घाला आणि ४ अंशांवरच ठेवून वाचा. विषाणू नसलेल्या खळग्यात स्वच्छ बटण यायलाच हवं. तिथेही चादर असेल तर दोष पेशींचा, त्या प्लेटचं वाचन धरू नका. तुमचा विषाणू शाबूत आहे का, हे पाहायचं तर बटण झालेल्या खळग्यातला वरचा द्रव ताज्या पेशींत थंडीत मिसळा. पुन्हा चादर आली तर आहे. जुन्या पेशी मात्र टाकून द्या, त्यांच्यावरची खूण पुसली गेली आहे.

पकड सायलिक आम्लामुळेच आहे का, हे तपासताना बरेच जण चुकतात. सायलिक आम्ल तोडणारी काही सायलिडेज विकरं अॅसिटिल असलेलं आम्ल फार सावकाश तोडतात. चादर कायम राहते आणि ‘सायलिक आम्लाचा संबंध नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून अॅसिटिल असलेलं आम्लही तोडणारं सायलिडेज निवडा. आधी अल्कलीने अॅसिटिल गट काढू नका, या विषाणूची पकड त्यानेच जाते आणि सायलिडेजचा परिणाम कळत नाही.