पाच वर्षं अभ्यासाला द्या, पण पीएफला हात लावू नका

विलेपार्ल्याच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४७. सोळा वर्षं एका वृत्तसंस्थेसाठी कोलंबो, काठमांडू, ढाका इथून बातम्या दिल्या. आता नोकरी सोडून मुंबई विद्यापीठात, कलिन्याला, श्रीलंकेच्या राजकारणावर पीएचडी करायची आहे. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, हातात ५५ हजार येतात. मुलगी दहावीत. घरखर्च ९५ हजार, त्यातला २४ हजारांचा गृहकर्जाचा हप्ता. कर्ज १४ लाख बाकी. पीएफ ४२ लाख, ग्रॅच्युइटी ९, मुदत ठेवी १८, म्युच्युअल फंड २५ लाख. ‘पीएफमधून कर्ज फेडतो, बाकी फेलोशिपवर भागवतो. चालेल का?’

तुमच्या हिशेबातली फेलोशिप आधी खोडून टाका. जेआरएफचे, म्हणजे संशोधकांना दरमहा मिळणाऱ्या ज्युनियर रिसर्च फेलोशिपचे, पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे तीन वर्षं ४२ हजार, म्हणजे घरभाडं सोडून २४ लाख तुम्ही धरलेत. पण जेआरएफला वयाची अट ३० वर्षांची आहे. सवलत मिळणाऱ्या गटांनाही ती साधारण ३५ पर्यंतच जाते. सहायक प्राध्यापकपदाच्या ‘नेट’ या पात्रता परीक्षेला वयोमर्यादा नाही, ती परीक्षा जरूर द्या, पण तिच्यातून दरमहा पैसे येत नाहीत.

तुम्ही सेलिग हॅरिसन यांचा दाखला दिलाय. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे दिल्लीतले ब्यूरो प्रमुख पुढे कार्नेगी एन्डोमेंट या अमेरिकी अभ्याससंस्थेत आशियाचे अभ्यासक झाले, हे खरं. पण तिथे त्यांच्या पाठीशी संस्था होती. तुम्ही ही वाट घरच्या पैशावर चालणार आहात.

तरीही मी ‘नको’ म्हणत नाही. कर्ज फेडाच, पण मुदत ठेवींतून. ठेवीवरचं व्याज करपात्र, शिवाय कर्जाच्या व्याजापेक्षा कमी. हप्ता गेला की खर्च ७१ हजारांवर येतो आणि पत्नीच्या पगारानंतर महिना १६ हजारांची तूट उरते. पाच वर्षांत साधारण १० लाख. उरलेल्या ४ लाखांच्या ठेवी आणि ९ लाखांची ग्रॅच्युइटी मिळून १३ लाख होतात. त्यात तूट भागेल, कोलंबोच्या एकदोन फेऱ्याही होतील. अडीअडचणीला मात्र फारसं उरत नाही, म्हणून लेखन आणि व्याख्यानांतून महिना १५ हजार मिळवायचे असं आत्ताच ठरवा. म्युच्युअल फंड मुलीच्या शिक्षणासाठी राखा.

पीएफचं मी इतकं का धरून बसलोय ते सांगतो. ४२ लाख तसेच राहिले आणि ८ टक्के व्याज धरलं, तर ५८व्या वर्षी ९८ लाखांच्या आसपास होतात. त्यातून आज १४ लाख काढले तर तेच ६५ लाख. (नोकरी सुटल्यानंतरच्या पीएफच्या व्याजावर कर लागतो, तो यात वजा केलेला नाही.) पीएचडी संपेल तेव्हा तुम्ही ५२ वर्षांचे असाल. त्या वयात विद्यापीठात कायमची जागा मिळेल, या भरवशावर म्हातारपणाचा पैसा खर्च करू नका.

२०२२च्या एप्रिलमध्ये श्रीलंकेने परकीय कर्जफेड थांबवली, ती बातमी तुम्ही कोलंबोहून दिलीत. बंदरं होती, चहाचे मळे होते, पण इंधन आणायला डॉलर नव्हते. मालमत्ता असूनही हातात रोकड नसली की घराचंही तसंच होतं. म्हणूनच ग्रॅच्युइटी कुठल्याही जागेत किंवा लांब मुदतीच्या योजनेत अडकवू नका.

आणखी एक. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. शेवटच्या दिवसाआधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदल मागा. नव्याने घेतलीत तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ते झालं, प्रवेशाचं पत्र हातात आलं, की मगच राजीनामा द्या.