वाचक विचारतात : सरकार नव्हतं तेव्हा तलाठी कुणाचं ऐकत होता?

यावेळी पत्रं बरीच आलीत आणि बहुतेक कॉलेजच्या पोरापोरींची, परीक्षा तोंडावर आल्या की हे होतंच. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, जर्नालिझम, मराठी, सगळंच एकत्र आलंय. सारखे वाटले ते प्रश्न एकात घातलेत आणि ग्रामसभेला जरा जास्तच जागा गेलीये, ते चालवून घ्या.

प्रश्न : मॅडम, मी बीए फर्स्ट इयरला आहे. लोकसंख्या, भूप्रदेश, सरकार आणि सार्वभौमत्व हे राज्यसंस्थेचे चार घटक पाठ आहेत, पण सरकार हा राज्यसंस्थेचाच घटक असेल तर मग दोघांत फरक काय ते डोक्यात बसत नाही. (एक विद्यार्थी, बार्शी)

उत्तर : व्याख्या बाजूला ठेव आणि २०१९ चा नोव्हेंबर आठव. तू तेव्हा शाळेत असशील, घरी टीव्हीवर दिवसरात्र तेच चालू होतं. २४ ऑक्टोबरला विधानसभेचा निकाल लागला, कुणाचंच जुळेना, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. मग २३ तारखेला पहाटे राजवट उठली आणि लोक चहा पितायत तोवर फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी उरकलासुद्धा, २६ ला राजीनामे, २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंची शपथ. म्हणजे एका महिन्यात मुंबईत मुख्यमंत्री होता, मग नव्हता, मग आला, मग गेला, मग दुसराच आला.

आता बघ, त्याच दिवसांत अवकाळीनं पिकं झोपली होती. राजवट चालू असतानाच १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी मदत जाहीर केली, खरिपाला हेक्टरी ८,००० आणि फळबागांना हेक्टरी १८,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. मंत्रिमंडळ नव्हतं पण तलाठी होता, तहसील होतं, ट्रेझरी होती, सातबारा निघत होता, एसटी धावत होती आणि पोलीस पावती फाडत होते. सरकार म्हणजे काही काळापुरती खुर्चीवर बसलेली मंडळी, ती बदलतात. जिच्या नावानं ती हुकूम काढतात ती राज्यसंस्था मात्र तशीच राहते.

एक गोष्ट पेपरात चुकवू नको. सार्वभौमत्व धरलं तर राज्यसंस्था म्हणजे भारत, आणि महाराष्ट्र हे त्यातलं एक घटकराज्य. त्यामुळे हे उदाहरण सरकार बदलतं आणि यंत्रणा टिकते एवढंच दाखवायला वापर, महाराष्ट्र सार्वभौम आहे असं लिहिलंस तर मार्क जातील.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे. गावात ग्रामसभा होते असं ऐकते पण मी कधी बघितली नाही. ग्रामसभा आणि ग्रामपंचायत एकच का? आणि बाईमाणसानं गेलं तर बोलू देतात का? (एक विद्यार्थिनी, सांगोला तालुका)

उत्तर : एकच नाही, आणि एकच आहे असं वाटत राहावं यात काही जणांची सोय असते. ग्रामपंचायत म्हणजे सरपंच आणि निवडून आलेले मेंबर. ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीतला प्रत्येक माणूस. तुझं नाव यादीत असेल तर तू आत्ता या क्षणी ग्रामसभेची सदस्य आहेस, निवडून यायची गरज नाही की कुणाची चिठ्ठी लागत नाही. १९९३ पासून, म्हणजे ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाल्यापासून हे थेट घटनेत आहे. आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा ग्रामसभेच्या म्हणून सगळ्यांना माहीत असतात. झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटला की शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी पडते.

आता खरी गंमत. कोरम, म्हणजे कमीत कमी हजेरी, लागते एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला कोरमची अटच नाही! म्हणजे दोन हजार मतदारांच्या गावात पहिल्या दिवशी साठ लोक आले म्हणून सभा झाली नाही आणि पुढच्या वेळी पंचवीस लोकांत घरकुलाची यादी मंजूर, असं कायद्यात बसवून होऊ शकतं. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नसावा, नाहीतर कामं अडून राहतील, पण ज्याला कमी लोक हवे असतात त्याला ही पळवाट बरोब्बर सापडते. दवंडी गावठाणात फिरते पण वस्तीवर पोचत नाही, किंवा रात्री नऊला व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटीस पडते, उद्या सकाळी दहाची.

तू गेलीस की दोन गोष्टींवर नजर ठेव. एक, विषयपत्रिकेतला सगळ्यात शेवटचा विषय, "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय". तोवर लोक उठायला लागलेले असतात आणि नको त्या गोष्टी त्यातच घुसवतात. दुसरं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचं कामकाज लिहायची वही. तू काय बोललीस त्याला पुढं अर्थ कधी, तर ते ग्रामसेवकानं त्यात लिहिलं तर. म्हणून बोलून झालं की तिथंच म्हण, भाऊसाहेब, एवढं लिहून घ्या आणि वाचून दाखवा. कोऱ्या पानावर सही करू नको, घरी रजिस्टर घेऊन कुणी आलं तर अजिबातच नको. नंतर प्रत हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज कर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

बायकांचं म्हणशील तर ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे, तिथून सुरुवात कर. पहिल्यांदा उठशील तेव्हा मागून कुणीतरी "अगं बस की" म्हणणारच. बसू नको.

हे सगळं ऐकून निराश होऊ नको म्हणून गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) सांगते. लहानसं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. तिथं निर्णय बहुमतानं नाही तर सर्वसहमतीनं होतात, म्हणजे एकाचीही हरकत असली तरी विषय पुढच्या बैठकीवर. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला आणि तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना द्यायला वनखातं तयार होईना, शेवटी २०११ मध्ये केंद्रातले पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. कागदावर हक्क मिळूनसुद्धा एका पावतीपुस्तकासाठी एवढा वेळ! वेळखाऊ काम आहे हे. पण तिथं हरकत घेणाऱ्याला खाली बसवत नाहीत, ऐकतात.

प्रश्न : समाज आणि समुदाय यातला फरक उदाहरणासह लिहा असा प्रश्न हमखास येतो. गाव म्हणजे समुदाय आणि शहर म्हणजे समाज असं लिहिलं तर चालेल का? (दोन मैत्रिणी, चिपळूण)

उत्तर : मार्क मिळतील, पण ते खरं नाही. ही मांडणी टोनीज या जर्मन अभ्यासकाची, १८८७ ची. समुदायात माणसं नात्यानं, ओळखीनं बांधलेली, समाजात हिशेबानं, करारानं. ठीक. पण तुम्ही कोकणातल्या, घरात कुणीतरी गिरणीत होतं का विचारा. मुंबईच्या गिरणगावात गावाची खोली असायची, एकाच गावचे दहा-पंधरा बाप्ये भाडं वाटून राहायचे, दिवसपाळीवाला आला की रात्रपाळीवाला उठून जायचा आणि वळकटी तीच. कामाला कुणी लावलं तर गावच्याच ओळखीनं, जेवण खानावळवाल्या बाईकडं, ती पण बऱ्याचदा आपल्याकडचीच. त्याच खानावळवाल्या बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. म्हणजे मशीनवर करार आणि खोलीवर गावकी, एकाच माणसाच्या एकाच दिवसात दोन्ही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा कित्येकांनी गावाकडची वाट धरली आणि शेतीवर, भावकीवर दिवस काढले. पगार थांबल्यावर सांभाळलं ते समुदायानं. हे उदाहरण लिहा, तपासणारा जागा होईल.

प्रश्न : मास कम्युनिकेशनला लॅसवेल आणि शॅनन-वीव्हर मॉडेल आहे. याचा खऱ्या बातमीशी काय संबंध? (विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : शॅननचं मॉडेल टेलिफोन कंपनीतलं आहे हे आधी लक्षात घे. तारेतून सिग्नल कमीत कमी बिघडून कसा जाईल हा त्याचा प्रश्न, त्यामुळे त्यात माणसाचा हेतू शोधत बसू नको. लॅसवेल जास्त कामाचा. १९४८ चं त्याचं सूत्र म्हणजे कोण, काय, कुठल्या माध्यमातून, कुणाला सांगतं आणि परिणाम काय. ते ३१ जानेवारी १९२० ला निघालेल्या मूकनायक या पाक्षिकाला लावून बघ. कोण, तर डॉ. आंबेडकर, पैशाला २,५०० रुपयांचा हात शाहू महाराजांचा. काय, ते पहिल्या पानावरच, तुकोबांच्या अभंगात, "काय करूं आतां धरुनिया भीड, निःशंक हें तोंड वाजविलें". कुणाला, तर ज्यांच्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं त्यांना, म्हणजे एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आणि माध्यम? मूकनायक निघतोय ही जाहिरात पैसे मोजूनसुद्धा केसरीनं छापली नव्हती. हे लॅसवेलच्या सूत्रात कुठं बसवशील? कुणाला बोलूच दिलं नाही, हा रकाना त्यात नाहीये. उत्तराच्या शेवटी मर्यादा म्हणून हे लिही.

प्रश्न : "साहित्य हा समाजाचा आरसा आहे" यावर निबंध हवाय. (बरेच जण)

उत्तर : तयार निबंध मिळणार नाही. मुद्दा देते. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मुलीचा, वय चौदाच्या आसपास, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे तिनं लिहिलंय. त्या काळच्या शास्त्री-पंडितांच्या पुस्तकांत हे का दिसत नाही, तिथून निबंध सुरू करा. पुढं ३० वर्षांनी न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेचं आमंत्रण दिलं तर जोतीरावांनी ते परत पाठवलं, जे माणसांना माणसाचे हक्क खुशीनं देत नाहीत त्यांच्या सभेत आम्ही काय म्हणून मिसळावं अशा अर्थाचं पत्र लिहून. ते पत्र छोटंसं आहे, लायब्ररीत समग्र वाङ्मयात मिळेल, मूळच वाचा. गाईड नको.

प्रश्न : मुलगा एमपीएससी करतोय. हे राज्यशास्त्र वगैरे वाचून उपयोग आहे का, की नुसते प्रश्नसंच सोडवावेत? (एक आई, लातूर)

उत्तर : ताई, राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीये, म्हणजे आता गोल रंगवून भागणार नाही, पानंच्या पानं लिहावी लागतात. प्रश्नसंच करू देच, पण रोज एक उत्तर हातानं लिहायला लावा आणि ते तुम्ही वाचा. तुम्हाला कळलं नाही तर परत लिहायला सांगा.